ध्वनिकक्षातली नोकरी

४ सप्टेंबर
लागली एकदाची नोकरी! पीएचडी होऊन चार वर्षं मुलाखतींसाठी चपला झिजवल्या, आता विद्यापीठाच्या ध्वनी-प्रयोगशाळेत संशोधन सहायक. सध्या कंत्राटी, पण काम आवडलं तर कायम करू, असं इथले प्रमुख सर म्हणाले. टेबल खिडकीशी आहे, खुर्चीचं एक चाक तेवढं रुसलेलं. काचेच्या कक्षात बसून मायक्रोफोनपुढे शब्द वाचायचे. त्यावरून यंत्र माझ्यासारखं बोलायला शिकणार. बडबडीचा पगार मिळणार म्हटल्यावर आई पोट धरधरून हसली. तिला आता दिसत नाही. माझ्या संध्याकाळच्या फोनची ती दिवसभर वाट बघते. कायम झाले की तिला इकडेच आणायचं.

७ सप्टेंबर
इथली माणसं फार शांत. चहाच्या वेळी कुणी बोलत नाही. साखर हवी तर डब्याकडे बोट दाखवतात. माझी एकटीची टकळी चालू होती. ऐकता ऐकता तंत्रज्ञ बाईंचे डोळे भरून आले. इथल्या सगळ्यांत जुन्या त्या. मला जरा ओशाळल्यासारखं झालं.

१३ सप्टेंबर
आज भाज्या, फळं, भांडी वाचली. संध्याकाळी दुकानात भोपळा मागायला गेले तर शब्द तोंडातून निघेना. शेवटी बोट दाखवलं. आई फोनवर म्हणाली, डोकं शिणलंय तुझं, लवकर झोप.

१९ सप्टेंबर
शिणवटा नाही हा. जे वाचते ते पुन्हा बोलता येत नाही. लिहिता येतं. खुर्ची, पाणी, मंगळवार – तोंड उघडतं, नुसती हवा बाहेर येते. उरलेल्या शब्दांत सरांना कसंबसं सांगितलं. ते म्हणाले, घसा बसला असेल. मग कायम जागेचा विषय काढला. यंत्राला फक्त घरगुती बोलणं कमी पडतंय म्हणे; आईला एक फोन कक्षातून कर. जागा हातची जाईल या धास्तीनं मी मान डोलावली.

२२ सप्टेंबर
कक्षातून फोन केला. आईच जास्त बोलली, मी उरलंसुरलं सगळं बोलले. काचेपलीकडून तंत्रज्ञ बाई दोन्ही हात हलवत होत्या. मला वाटलं माझा आवाज चढलाय, म्हणून हळू बोलत राहिले.

२३ सप्टेंबर
आईला फोन लावला. ती हॅलो, हॅलो करत राहिली. मी – काहीच नाही. तिनं ठेवून दिला.

२५ सप्टेंबर
कायम झाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बोललं कुणीच नाही.

२७ सप्टेंबर
कक्षातून माझा आवाज येत होता. आत कुणी नाही. "आई, जेवलीस का?" आणि फोनच्या स्पीकरवर आई हसली, माझ्याशी हसते तशीच – काच बडवली – कुणी वळूनही पाहिलं नाही –

२८ सप्टेंबर
आईच्या शेजारच्या काकूंना मेसेज केला, आईला सांगा, फोनवर बोलते ती मी नव्हे. काकूंचं उत्तर आलं, कुणीतरी थट्टा करतंय, लेक तर आत्ता आईशी फोनवर बोलतेय. आईला इकडे बोलावलंय म्हणे तिनं –

३ ऑक्टोबर
आई आली. सरांनी हात धरून आणली. मी पुढे झाले, तिचा हात माझ्या गालाला लावला. तिची बोटं थांबली, ओळखलं तिनं, नक्की ओळखलं – तेवढ्यात कक्षातून माझा आवाज, "आई, इकडे ये ना." तिनं हात काढून घेतला. आवाजाच्या दिशेनं हसून म्हणाली, "ही तुझी मैत्रीण का गं? रडतेय बिचारी."

काचेला टेकून लिहितेय. दार आतून लावलंय. तिला मायक्रोफोनपुढे बसवलंय. तो आवाज लाडात येऊन म्हणतोय, मला लहानपणी काय हाक मारायचीस, म्हण ना – आई, नको – ती तोंड उघड