रुसव्याचा सीन

४ फेब्रु., कंधार
तालीम आमच्याच गावात. सीन असा: लग्नात सगळ्यांना टॉवेल-टोपी मिळते, एकट्या चुलत्याला विसरतात, तो रुसतो आणि तिथून धिंगाणा. माझा अख्खा सिनेमा यावर उभा आहे. चुलत्याच्या कामाला आमचे अण्णा, माझे वडील. जन्मात कॅमेरा पाहिला नाही, आणि काय रुसले! कॅमेरावाल्या जावेदभाईला हसू आवरेना. नांदेडच्या नटांच्या मागे उगाच फिरत होते मी.

५ फेब्रु.
शूटिंग. अण्णा अडून बसले! बघ्यांत ताईचे सासरे, उदगीरहून मुद्दाम आलेले.
"व्याह्यासमोर मला टोपी न्हाई? न्हाई जमायचं, बाई."
"अण्णा, खोटं लग्न आहे हो!"
"लग्न खोटं. व्याही तर खरा हाय की."
कप्पाळ! ऊन उतरायला लागलं. शेवटी सुचलं. आधी सगळ्यांदेखत अण्णांना कुंकू, टोपी, नारळ. टाळ्यासुद्धा. मग टोपी काढून ठेवली नि म्हटलं, आता रुसा. पहिल्याच टेकला ओके!!

६ फेब्रु.
फुटेज बघून उडालेच. अण्णांच्या मागे ताईचे सासरे. अण्णांचा खराखुरा मान केला आणि पाहुण्या व्याह्याला साधा नारळ नाही! कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चेहरा फुगत फुगत जातो, मग उपरणं झटकून ताडताड मांडवाबाहेर. अण्णांचा रुसवा त्यापुढे काहीच नाही. असलं लिहून होत नसतं. खोलीभर नाचले.
मग ताई आठवली.

९ फेब्रु.
ताईचा फोन. शॉटचं तिला मीच कळवलं होतं. सासरे तिच्याशी बोलेनात. "तेवढं काढून टाक गं. मला इथंच नांदायचंय." काढून बघितलं. सीन अळणी. परत जोडला. परत काढला. जीव तुटतो.

१२ फेब्रु., उदगीर
अण्णा नि मी फेटा, आहेर घेऊन गेलो. व्याह्यांनी घेतला. चहा झाला. धीर करून लॅपटॉपवर तो शॉट दाखवला. व्याही म्हणाले,
"हे लोकांत बसून बघतो. हसले तर कसं हसतेत, ते बघून सांगतो."
म्हणजे हो की नाही?

२० जुलै, लातूर
टॉकीजवाल्यांनी दाद दिली नाही, म्हणून मंगल कार्यालयातच पडदा लावला. जागा पुरेना!! ताईचं सगळं सासर पुढच्या रांगेत. तो शॉट आला आणि हॉल असा हसला की पुढचे डायलॉग कुणालाच ऐकू आले नाहीत. एक म्हातारा ओरडला, "आमचा मामा हाय ह्यो डिट्टो!" व्याही ताठ. मी पडदा सोडून त्यांच्याकडेच बघून राहिलेले. मध्यंतरात व्याही अण्णांकडे वळले.
"शेवटी पाटीवर नाव आधी कुणाचं येणार? माझं का तुमचं?"
"माझं. मी नट हाय."
"लोक हसले कुणाला?"
ताई फस्सकन हसली. त्या दोघांना हसू नाही. मध्यंतर संपलं, तरी दोघं माझ्या उत्तरासाठी उभेच. जावेदभाई विचारतोय, "आपा, चालू करू?"