ॲम्प्लिफायर कोणाला आणि साक्ष कोणाची

नमो बुद्धाय. जयभीम.

लिहून ठेवणार: श्रीमती केशरबाई कोंडीबा पाईकराव, वय ६८ वर्षे, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार टेलिफोन एक्स्चेंजच्या मागची गल्ली, वसमत, जि. हिंगोली.

मी आज रोजी कोणाच्याही दडपणाखाली, धाकाखाली किंवा गोड बोलण्याखाली नसून, बुद्धी शाबूत असताना हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण मरायचा विचार केलेला नव्हता. गुडघे सोडले तर मला आजार नाही. कानांबद्दल तर बोलायलाच नको. मी एकोणचाळीस वर्षं नोकरी केली, आधी ट्रंक कॉल जोडले, मग तक्रारी ऐकल्या. शेजारच्या हट्टा गावाहून कोणी नुसतं "हॅलो" म्हणालं तरी ते कोणाच्या घरातलं हे मी सांगायचे. या कानांचा मला फार गर्व होता. त्या गर्वाचं पुढे काय झालं ते कलम ५ मध्ये आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी तेवढंच वाचावं.

१. माझे पती कोंडीबा २०१९ साली वारले. वसमतच्या बाजारात त्यांचं रेडिओ-घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. मला दोन अपत्यं आहेत: मुलगी मिना, सासर परभणी, आणि मुलगा रत्नपाल, जिल्हा परिषदेत लिपिक, मुक्काम हिंगोली. दोघंही चांगली आहेत. हे मी कागदावर पहिल्यांदाच लिहिते आहे, तोंडावर कधी बोलले नाही.

२. राहतं घर, तीन खोल्या आणि पुढचं अंगण, मिना आणि रत्नपाल यांना निम्मं निम्मं. लग्न झालेल्या मुलीला घर कशाला, असं नात्यातल्या एका थोर पुरुषाने मला कोंडीबांच्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात विचारलं होतं. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनी त्या दिवशी तीनदा जिलेबी घेतली होती, एवढी खूण पुरे.

३. पोस्टातली ठेव दोघांना सारखी. माझी चांदीची जोडवी सुनेला. माझा हेडफोन, जो खात्याने निवृत्तीच्या दिवशी मला आठवण म्हणून दिला, तो रत्नपालला. त्याला त्याचा उपयोग नाही, पण त्याने जरा ऐकायची सवय लावावी.

४. कोंडीबांची हत्यारं, म्हणजे बारीक पेचकस, चिमटे, भिंग आणि डाग द्यायचं यंत्र, ही बाजारात मोबाईल दुरुस्त करणाऱ्या शितल सरकटे हिला द्यावीत. ते गेल्यावर पुष्कळ जणांनी हत्यारांची चौकशी केली. कोणतं हत्यार कशाला वापरायचे, हे विचारणारी ती एकटी होती.

५. आता सिस्टिम. खरं तर हा सगळा कागद तिच्यासाठीच आहे.

सिस्टिम म्हणजे पुढील वस्तू: एक जुना कॅसेट डेक, एक नवा ॲम्प्लिफायर, दोन नवे उभे स्पीकर, वायरी, आणि एक कॅसेट, जिच्यावर कोंडीबांच्या अक्षरात "मिनाची पाठवणी, १६ मे २००४" असं लिहिलेलं आहे.

आधी घरात कोंडीबांनी स्वतः जुळवलेला ॲम्प्लिफायर होता आणि प्लायवूडच्या दोन पेट्या. प्रत्येक पेटीत एकच मोठा स्पीकर. बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर त्यांनी बसवलाच नाही. विचारलं की म्हणायचे, "माणसाच्या बोलण्याला तेवढं काय करायचंय?" ते गेल्यावर त्यांच्या ॲम्प्लिफायरमधून फोडणी दिल्यासारखी चरचर यायला लागली. मग मी ठरवलं की आपल्या पेन्शनमधून चांगली सिस्टिम घ्यायची, पण आधी ऐकायची, मग घ्यायची.

रत्नपाल म्हणाला, "आई, मोबाईलवर बी गाणं येतंय की." मी म्हणाले, "भाकरी बी पाकिटात मिळती आता. खातोस का?" तो सोबत आला.

नांदेडच्या दुकानात विकणारा माझ्या डोक्यावरून रत्नपालशी बोलत होता. "माताजींना भजनवाला छोटा स्पीकर बस झाला." मग त्याने एक असं काही लावलं की छातीत धडधडलं आणि शब्द एकही कळेना. मी उठले. त्याला या मृत्युपत्राने काही मिळणार नाही.

छत्रपती संभाजीनगरला गोपीचंद म्हणून म्हातारे दुकानदार आहेत. त्यांनी मागच्या खोलीत गादी-तक्क्या, जाड पडदे अशी ऐकायची सोय केली आहे. मला आधी पाणी दिलं आणि विचारलं, "काय ऐकणार, बाई?" मी पिशवीतून माझी कॅसेट काढली. आमची पद्धत अशी ठरली की कॅसेट तीच, जागा तीच, आवाज तितकाच, आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची. आधी स्पीकर तेच ठेवून तीन ॲम्प्लिफायर ऐकले. पहिल्यावर सगळ्यांना सर्दी झालेली. दुसऱ्यावर टाळ्या पत्र्यावर पडल्यासारख्या. तिसऱ्यावर माणसं समोर येऊन उभी राहिली आणि रत्नपाल तक्क्याला टेकून झोपला. पहिल्या दोनवर तो सारखा मोबाईल बघत होता. जो ॲम्प्लिफायर कानाला त्रास देत नाही त्यावर माणूस झोपतो, असं गोपीचंदही म्हणाले. तिसरा ठरला. मग तो तसाच ठेवून स्पीकर बदलले, आणि दुसऱ्या जोडीवर माझं आयुष्य उलटं झालं.

त्यासाठी कॅसेटबद्दल सांगावं लागेल. रुख्मिणीबाई राठोड, औंढ्याजवळच्या तांड्यावरची, मी नोकरीला लागले त्याच दिवशी एक्स्चेंजमध्ये लागली. शेजारच्या खुर्चीवर बसली आणि पुढे शेजारचंच घर घेतलं. माझी दोन्ही बाळंतपणं तिने काढली. माझ्या घरात मीठ कुठे असतं हे माझ्याआधी तिला माहीत असायचं. मिनाच्या पाठवणीला लाईट गेली होती, म्हणून कोंडीबांनी टेपरेकॉर्डर स्कूटरच्या ब्याटरीला जोडला आणि रुख्मिणीला त्याच्याजवळ बसवलं. आठ दिवसांनी मी कॅसेट लावली. मिना रडते, "आई, येते" म्हणते, गाडी सुरू होते, आणि लगेच रुख्मिणीचा आवाज येतो: "ब्याद गेली एकदाची." तिथे कॅसेट संपते.

माझ्या लेकीला ब्याद म्हणाली. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मी काही विचारायला गेले नाही. माझ्या कानांनी ऐकलं होतं ना! त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं सोडलं आणि मधली भिंत तीन रांगा विटा लावून वाढवली. पुढची तेरा वर्षं आम्ही दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर बसून गावाचे फोन ऐकत होतो, आणि मी लाईनमन प्रेमदासला म्हणायची, "हिला सांग, रजिस्टर इकडं दे."

तर गोपीचंदांनी दुसरी जोडी लावली. या स्पीकरना बारीक आवाजाचा छोटा स्पीकर आहे. मिना रडली, गाडी सुरू झाली, आणि रुख्मिणी स्वच्छ म्हणाली, "ब्याटरी गेली एकदाची."

मी म्हणाले, पुन्हा लावा. सात वेळा लावायला लावलं. शेवटी ब्याटरी उतरत आली तेव्हा टेप हळू फिरली होती, म्हणून आता लावली की तिथला आवाज पळतो आणि शब्द दाबला जातो. कोंडीबांच्या पेट्यांत त्यातला "ट" ऐकूच यायचा नाही. आणि तिथे कॅसेट संपते ती ब्याटरी गेली म्हणूनच, दुसरं काय! एकवीस वर्षं मला हे सुचलं नाही. गोपीचंद बिचारे गोंधळले. "ब्याटरीच म्हणल्या की त्या बाई. इतकं काय ऐकून राहिल्या तुमी?" मी रडायला लागले तेव्हा रत्नपाल जागा झाला आणि त्याला वाटलं की किंमत सांगितली.

सिस्टिम घेऊन घरी आले. या वर्षीचा फेब्रुवारी होता. तेव्हापासून नऊ महिने रोज भिंतीपर्यंत जायची आणि माघारी यायची. मला लाज वाटत होती, साधी सरळ लाज. एवढ्या वर्षांनी जाऊन काय सांगायचं, की माझ्या पेटीत छोटा स्पीकर नव्हता? त्यात दिवाळीला तिचा मुलगा विकास पुण्याहून आला आणि तिला कायमचं घेऊन जायचं म्हणू लागला. म्हणून मी हे मृत्युपत्र करायला घेतलं आणि या कलमात पहिल्यांदा असं लिहिलं: "सदर सिस्टिम माझ्या मृत्यूनंतर रुख्मिणीबाई राठोड यांना द्यावी, कॅसेट ऐकवावी, व माझ्या वतीने माफी मागावी."

वकीलबाई पुजा यांनी ते वाचलं आणि पेन्सिलीने खूण केली. "मावशी, त्या तुमच्या आधी गेल्या तर? घेणारं माणूस आधी वारलं तर देणं रद्द होतं. तसं झालं तर काय करायचं, तेबी लिहावं लागंल."

मला ते लिहिता येईना. पेन हातात धरून पाऊण तास बसले. आणि ती आधी गेली नाही, मीच गेले, तरी ती काय म्हणाली ते मला कुठे ऐकू येणार? मग कागद मिटला, चप्पल घातली आणि पुढच्या दाराने तिच्या अंगणात गेले. ती मेथी निवडत होती.

मी म्हणाले, "रुख्मिणी, एक टेप ऐकायला येती का?"

तिने माझ्याकडे बघितलं. मेथी बाजूला सारली. "थांब, हात धुती," म्हणाली.

तिला खुर्चीवर बसवलं, कॅसेट लावली, नंतर सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. "ब्याटरीपायी? आगं, सकाळधरनं मी कोंडीबा भाऊजीला सांगून राहिले, ब्याटरी उतरली, दुसरी लावा. त्यायनं ऐकलं न्हाई!" मग तिचं हसू थांबलं. पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "मिनाला मी पितळी घागर दिली व्हती. मला वाटलं, ती तुला कमी वाटली. म्हणून मी बी इचारलं न्हाई, काहून बोलत न्हाईस म्हणून."

ती घागर मिनाच्या घरी आजही रोज वापरात आहे. मी हे तिला सांगितलं. पुढचं इथे लिहीत नाही, दोन म्हाताऱ्या बायका रडतात तेव्हा काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हापासून ती रोज चार वाजता येते आणि आवाज किती ठेवायचा यावर आमचं भांडण होतं. पुण्याला जाणं तिने हुरडा होईपर्यंत पुढे ढकललं आहे. सिस्टिम मी तिलाच देणार होते आणि साक्षीदारही तिलाच करणार होते. पण वकीलबाई म्हणाल्या की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार न झालेलं बरं, नंतर कोणी वाद काढतं. रुख्मिणीला विचारलं, काय पाहिजे? ती म्हणाली, "तुजं डबडं पोरीला दे. मला सही करू दे. तू काय काय लिहून राहिली ते मला बघायचंय."

म्हणून सिस्टिम, कॅसेटसह, मुलगी मिना हिला देते. तिने कॅसेट वर्षातून एकदा तरी लावावी आणि शेवटपर्यंत ऐकावी.

६. मधल्या भिंतीच्या वरच्या तीन रांगा मी जिवंतपणीच पाडून घेणार आहे. माझ्या हातून राहिलं तर रत्नपालने पाडाव्यात. विटा कोणाला द्यायच्या ते त्याने ठरवावं.

७. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधा करावा. कर्णा लावू नये. पुण्यानुमोदनाला सिस्टिम लावायची तर समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येईल इतपतच आवाज ठेवावा. गल्लीतल्या डीजेवाल्या पोरांनी माझ्या प्रेमापोटी काही आणायचं ठरवलं तर त्यांना चहा पाजून परत पाठवावं.

८. कोंडीबांनी ब्याटरी बदलली नाही आणि छोटा स्पीकर बसवला नाही, याबद्दलचा माझा राग मी कोणालाही देत नाही. तो माझ्यासोबत नेते. माझ्या स्वतःच्या कानांबद्दलचा राग मात्र याच जन्मात संपवायचा प्रयत्न चालू आहे. रत्नपाल आणि मिना, कोणाचं काही वाईट ऐकलंत तर आधी त्याला जाऊन विचारा. ही एकच इस्टेट मी फार महागात घेतली आहे.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मुलगी मिना हिने करावी. भावाशी भांडू नये.

वरील मजकूर मी लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली. साक्षीदारांनी, वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे, एवढंच लिहायचं आहे की मी सही केली तेव्हा पूर्ण शुद्धीवर होते. प्रेमदासने ते तसंच लिहिलं. रुख्मिणीने पेन खाली ठेवलं आणि वकीलबाईंना विचारलं, "ही अन् शुद्धीवर? बराबर लिहिलं न्हाई तर मला पाप लागंल का?" वकीलबाई म्हणाल्या, तुम्हाला जे खरं वाटतं तेच लिहा. तिने चष्मा पुसला आणि लिहिलं. ते खाली तिच्याच अक्षरात आहे. मी ते वाचलं असून माझी त्याला हरकत नाही.

ठिकाण: वसमत
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

(सही) केशरबाई कोंडीबा पाईकराव

साक्षीदार

१. (सही) प्रेमदास गोविंदा आडे, निवृत्त लाईनमन, वय ६६, रा. वसमत. केशरबाई सहीच्या वेळी पूर्ण शुद्धीवर होत्या.

२. (सही) रुख्मिणीबाई वसराम राठोड, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, वय ६७, रा. शेजारचं घर, वसमत. सही केली त्या वेळी केशर पूर्ण शुद्धीवर होती. त्याआधीच्या एकवीस वर्षांची साक्ष मी देत नाही.