माकुळाच्या पोटातले कप्पे

२ मार्च
पेइंग गेस्ट आली. समुद्री जीवांच्या लॅबमध्ये कामाला आहे. मला सोबतीची गरज नाही, हे पहिल्याच चहाला सांगून टाकलं. धाकट्या बहिणीची कटकट थांबावी म्हणून ठेवली, एवढंच. ह्यांची खोली दिली आहे. कपाटात ह्यांचे कपडे आहेत. रविवारी रिकामं करून देणार.

८ मार्च, रविवार
किल्ली सापडेना. सापडली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. तिन्हीसांजेला कपाटं उपसू नयेत.

१४ मार्च
तिने दिलेलं पुस्तक वाचते आहे. अंगठ्याएवढं एक माकूळ, पुस्तकात स्क्विड म्हणतात ते. पिल्लू जन्मतं तेव्हाच पोटात कप्पे असतात, रिकामे. समुद्रात नाना जातींचे बॅक्टेरिया, पण हे नेमकी एकच जात आत घेतं. माकूळ त्यांना पोसतं, ते त्याला उजेड देतात. त्या उजेडामुळे चांदण्यात त्याची सावली पडत नाही, शत्रूला ते दिसत नाही.
तिला म्हटलं, तुला मी अशीच पारखून घेतली. ती म्हणाली, काकू, जाहिरात वाचून मी एकटीच आले होते ना?
लाजते.

२९ मार्च, रविवार
कपाट उघडलं. कोटाच्या खिशात खोकल्याच्या दोन गोळ्या. परत लावलं. लोकरीचे कपडे ऊन दाखवल्याशिवाय बांधता येत नाहीत, आणि आज ढग होते.

११ एप्रिल
कडक ऊन. डोकं दुखलं.
धाकटीचा फोन. म्हणे, ताई, भावोजींना जाऊन तीन वर्षं झाली. त्या पोरीने कपडे काय डोक्यावर ठेवायचे? मी फोन ठेवला. पोटात दुखतं तिच्या, दुसरं काय!
माकूळ रोज पहाटे बहुतेक बॅक्टेरिया बाहेर टाकतं. उरलेले वाढून संध्याकाळपर्यंत कप्पे पुन्हा भरतात. हीसुद्धा सकाळी जाते, संध्याकाळी येते. विज्ञानच म्हणतंय, ही आता हलत नाही.

२६ एप्रिल, रविवार
ती गेली. लॅबमधल्या मैत्रिणीकडे राहणार आहे. मला वाटलं, आवराआवरीत दिवस जाईल, तोवर मन वळवीन. पाच मिनिटांत निघाली. सूटकेस भरलेलीच होती, आली त्या दिवसापासून.
दारात विचारलं, बॅक्टेरिया मिळालेच नाहीत तर माकूळ मरतं का गं? म्हणाली, नाही काकू, टाकीत जगतं की. कप्पे तेवढे पुरते वाढत नाहीत.

२७ एप्रिल
लख्ख ऊन. किल्ली हाताशी. डोकंही दुखत नाही.
आता काही घाई नाही.