टाकीतली साय

सोमवार, ३ मार्च
ताईकडे राहायला आले. हॉलमध्ये भावोजींची काचेची टाकी: खारं पाणी, जिवंत प्रवाळ, आणि लाडू, म्हणजे माझ्या भाचीचा, चिमणीचा, नारिंगी मासा. ती त्याला हातानं भरवते. भावोजी जहाजावर आहेत. पाण्यात नायट्रेट वाढलंय, प्रवाळ फिके पडतायत, मला यातलं ओ की ठो कळत नाही, असं ताई म्हणाली. मी पटकन बोलून गेले, फिल्टर मी बसवते. भावोजी फोनवर हसले; म्हणाले, मेव्हणीबाई, टाकी तुमच्या हवाली. नोकरी गेल्यावर आयतं खायला आलेलीनं काहीतरी उपयोगी पडावं, एवढंच मनात होतं.

गुरुवार, ६ मार्च
फिल्टरचं नळकांडं बसवलं. आत हवा नसते. तिथले जिवाणू नायट्रेट खातात. त्यांच्या पोटाला रोज साखरपाण्याचे थोडे थेंब. घाई केलीत तर पस्तावाल, बाई, असं दुकानदारानं दोनदा बजावलं.

मंगळवार, ११ मार्च
प्रवाळ फिकेच. ताईनं शेजारणीला सांगितलं, माझी बहीण यातली मास्तरीण आहे. मेल्याहून मेल्यासारखं झालं. थेंबांऐवजी वाटीभर ओतलं.

शनिवार, १५ मार्च
नायट्रेट शून्य! पण नळकांडं पांढऱ्या सायीनं गच्च भरलंय. कुजक्या अंड्यांचा वास. ताईनं विचारलं, कसला गं वास? समुद्राचा, म्हटलं.

सोमवार, १७ मार्च
साय नळीतून टाकीत उतरली. लाडू तिच्यात अडकला. सोडवायला हात घातला, तर तिनं मनगट आवळलं. हात ओढला, कातडी तिकडेच राहिली. लाडूचा काटासुद्धा उरला नाही. गुपचूप तसाच दुसरा मासा आणला. मावशी, हा मला ओळखत नाही, म्हणाली चिमणी. रुसलाय, म्हटलं.

बुधवार, १९ मार्च
साखर बंद केलीय. तरी साय वाढते. मी बसते त्याच बाजूच्या काचेवर चढते. नवा मासाही — ताईला सांगायला गेले. माझ्या मनगटावरची पट्टी बघून ती म्हणाली, किती राबतेस गं. डोळे भरून आले. सांगितलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च
सायीला बोटं फुटलीत — माझ्या हातासारखी —
चिमणी शाळेतून आली. स्टुलावर चढलीय, बाही वर सारतेय. लाडू लपलाय, म्हणते, शोधते —
ओरडायला हवं. ओरडले की ताई विचारेल, तुला आधीच ठाऊक होतं? —
नुसतं नको म्हटलं तरी —
तोंड उघडत नाही. हात मात्र लिहितोय. लाज वाटते, ताई, अजूनही लाजच —
तिचं कोपर पाण्या