गाढव, छत्री आणि खोडरबर

४ जून
क्लास लावला. गोष्टीच्या पुस्तकांतली चित्रं काढायला शिकवतात. मला शिकण्यासारखं त्यात काही नाही. जन्मभर भूमिती शिकवली, माझी रेषा काही माझ्याबरोबर रिटायर झालेली नाही. पण शेवटी प्रदर्शन आहे. जाऊबाईंच्या भरतकामाचं प्रदर्शन झाल्यापासून त्यांच्या फुशारक्या ऐकवत नाहीत. त्यांना आजच फोन करून आमंत्रण दिलं. म्हणाल्या, अगं, पण तुला चित्रं येतात कधीपासून? म्हटलं, या आणि बघा.

६ जून
सर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. डोक्यावर अंबाडा, तोही माझ्यापेक्षा मोठा. शी!
गोष्ट अशी: गाढव नवी छत्री घेतं आणि पावसाची वाट बघत बसतं. पद्धत म्हणे आधी काडेपेटीएवढी कच्ची चित्रं, मग मोठं रफ, मग फिनिश. काडेपेटीएवढी! मी काय मुंग्यांसाठी काढतेय? मी थेट फिनिशच करणार.

११ जून
ह्यांना हातात छत्री देऊन खुर्चीत बसवलं. गाढवाचं मॉडेल व्हायला वेगळी तयारी लागत नाही, इतक्या वर्षांच्या संसारात झालीच आहे, म्हणाले. विनोद करायचा आणि वर स्वतःच हसायचं! मग तसेच पेंगले. मान एका बाजूला कलली. चित्रात मी ती सरळ केली.

१९ जून
फिनिश तयार! निव्वळ पेन्सिल. रंगांची रंगरंगोटी ज्यांची रेषा कच्ची त्यांना लागते. कान कंपासने काढले, अगदी सारखे. पाय गुण्याने, एकमेकांना समांतर. आधीच्या सगळ्या खुणा खोडून टाकल्या. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर रफ काम खोडल्याशिवाय पेपर हातात घेत नसत. रफ दाखवणं म्हणजे पाहुण्यांसमोर परकर वाळत घालणं.

२४ जून
संताप! सर म्हणाले, आजी, यामागची कच्ची चित्रं कुठे आहेत? खोडली, म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. प्रदर्शनात प्रत्येकाची अख्खी रांग लागणार, स्केचपासून फिनिशपर्यंत. रांग नाही तर भिंत नाही. शेजारच्या मुलीने आपले चहाचे डाग पडलेले कागद मला अभिमानाने दाखवले. घरी येऊन साबणाने हात धुतले.
आणि जाऊबाईंनी येताना दोन मैत्रिणींना आणायचं ठरवलंय.

२६ जून
डोकं शाबूत असलं की मार्ग सापडतो. फिनिश आहेच. त्यावरून उलट जायचं! आधी जरा बिघडवून एक, मग आणखी बिघडवून दुसरं. कोणाला कळतंय? अवघड एकच, माझा हात बिघडायला तयार नाही. डोळे मिटून काढलं तेव्हा कुठे जमलं.

२८ जून
उद्या कागद द्यायचे. शेवटचं, सगळ्यात कच्चं चित्र राहिलं होतं. ह्यांना दुधाकडे बघायला सांगितलं. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं, आणि हे शेजारीच खुर्चीत वर्तमानपत्र धरून झोपलेले! इतका राग आला की शाईचा ब्रश उचलला आणि समोर दिसलं ते खरडलं. कललेली मान, सुटलेलं पोट. वर्तमानपत्राची छत्री केली, ह्यांना कान लावले. काडेपेटीएवढं काढायचं होतं, झालं पानभर. चार फराटे आणि शाईचा एक ओघळ. इतकं गलिच्छ चित्र जन्मात काढलं नव्हतं. रफ म्हणून खपेल.

२९ जून
चारही कागद देऊन आले. मागे क्रम लिहा, सर म्हणाले. म्हटलं, क्रम कशाला? आंधळ्यालाही कळेल.

५ जुलै
प्रदर्शन. जाऊबाई मैत्रिणींसह माझ्या आधी हजर. माझ्या रांगेसमोर गर्दी. मी सावकाश, मान ताठ ठेवून गेले.
डावीकडे पहिलं, 'सुरुवात' अशी पाटी लावून, माझं फिनिश. मग ती दोन बिघडवलेली. आणि उजव्या टोकाला, चौकटीत, 'पूर्ण चित्र' म्हणून तो फराटा! ओघळासकट!
सर सगळ्यांना सांगत होते, पेन्सिलचं चित्र मी आधीच पाहिलं होतं, त्यानंतर आजींचा हात कसा मोकळा होत गेला बघा. जाऊबाईंनी मला जवळ घेतलं. म्हणाल्या, सुरुवातीला अगदीच लाकडी होतं गं तुझं, पण काय सुधारलीस!
ओरडून सांगणार होते की रांग उलटी लागली आहे. पण मग कच्ची चित्रं नंतर बनवली, हेही सांगावं लागलं असतं. शिवाय रांग उलटी नाही. मी काढली त्याच क्रमाने लागली आहे.
थँक यू, म्हटलं.

६ जुलै
हे प्रदर्शन बघून आले. पहिलं गाढव कोणाचं, विचारत होते. शेवटचं मात्र लांबूनच ओळखलं.
जाऊबाईंचा फोन. त्यांना तो फराटा दिवाणखान्यासाठी हवाय. तसाच दुसरा काढून देईन म्हटलं.
सकाळपासून काढतेय. ह्यांना मुद्दाम झोपायला लावलं. दूधही उतू घालवलं. येत नाही.