आठव्या किलोमीटरवरचं फाटक

५ जानेवारी, सोमवार
शाळेत मीटिंग. संस्थेची स्वतःची मॅरेथॉन, पंचवीस तारखेला, पहिलीच. प्रत्येक शिक्षकाने वीस नावं आणायची, त्यात निम्म्या बाया, कारण फोटोत बाया दिसल्या पाहिजेत. मराठीच्या सरांनी विचारलं, पळता येत नसेल आणि नुसतं चाललं तर? सचिव म्हणाले, "चलेगा. टी-शर्ट घातला पाहिजे बस."
शेवटी अध्यक्षसाहेब उठले आणि चहा मागवावा तसं सहज बोलून गेले. क्रीडाशिक्षिकेची पूर्णवेळ जागा यंदा भरायची आहे. जिल्ह्यातल्या बायांमध्ये दहा कि.मी.ला जी पहिली येईल तिला देऊ. खेळाची जागा खेळूनच मिळाली पाहिजे. टाळ्या. मीही वाजवल्या.
सात वर्षं ती जागा तासिकेवर मीच चालवते आहे. दर जूनला अर्ज, दर एप्रिलला घरी. आता स्वतःच्याच खुर्चीसाठी पळायचं. खुर्ची तरी कुठे, सामानाच्या खोलीतलं स्टूल आहे.

६ जाने., मंगळ
बाबांना सांगितलं. ते जेवत होते, जेवतच राहिले. मग म्हणाले, "बैलाईचा शंकरपट पाह्यला होता. मानसाईचा आता पाहू."
थोड्या वेळाने, "पन धाव तू. तुले कोन अडवून राहिलं?"
कोणी नाही. तेहतिसाव्या वर्षी रोज पहाटे उठून पळणारी बाई आमच्या फुलचुरात दुसरी कोण आहे? बाहेरच्या आल्या तरी जागा जिल्ह्यातलीलाच. हिशेब सोपा आहे. म्हणूनच धाकधूक होते.

९ जाने., शुक्र
एकोणीस नावं झाली. त्यातल्या पाच बाया फक्त टी-शर्टसाठी. विसावं नाव मनीषाचं टाकलं. ती नकोच म्हणत होती. "मी कायले म्याडम? आठशेच्या पुढे मले दम लागते." म्हटलं, नाव दे फक्त, आकडा भरायचा आहे. फॉर्म मीच भरला, माझ्याच अक्षरात. सही तेवढी तिची.
पोरगी जिल्ह्यातलीच, नवेगाव बांधची. बाप तलावात मासे धरतो. पोलीस भरतीसाठी इथे फुलचुरात खोली करून राहते, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. सव्वा वर्ष झालं, पहाटे सोबत पळतो. आली तेव्हा टाचेवर धपाधप पळायची. आता आठशे मीटरला तिला गाठणं माझ्याच्याने होत नाही. हे लिहिताना बरं वाटलं, का कोण जाणे.

१४ जाने., संक्रांत
रूटचा नकाशा छापून आला. रेल्वे फाटक दोनदा ओलांडायचं, जाताना दुसऱ्या कि.मी.ला, येताना आठव्या. बाबांनी चष्मा लावून पाहिला. छत्तीस वर्षं रेल्वेत गेटमन होते, नकाशात त्यांना फाटकच दिसणार. "जातानी ठीक. येतानी फसान. साडेसातनंतर मालगाड्याईची लाईन लागते."
सचिवांना सांगितलं. ते हसले. "साडेछेला झेंडा, सव्वासातच्या आत सगळ्या लेडीज पार. बाबांना म्हणा, टेन्शन मत लो."

२१ जाने., बुध
दहा कि.मी. एकावन्न मिनिटं. शेवटचे दोन जड गेले. मनीषा सातव्यालाच बसली रस्त्याच्या कडेला, पोट धरून. तिला म्हटलं, तू हळू ये, पूर्ण कर म्हणजे झालं.
बाबा रोज रात्री तेल गरम करून ठेवतात पायाला लावायला.

२५ जाने., रविवार
दुसरी.

२५, दुपार
लिहून ठेवते. उद्यापासून जो तो आपल्या सोयीने सांगेल.
साडेसहाला सगळे रांगेत उभे. प्रमुख पाहुणे सव्वासातला आले. मग सत्कार. पाहुण्यांचा, त्यांच्यासोबत आलेल्यांचा, सोबत आलेल्यांना घेऊन आलेल्यांचा. अकरा शाली मोजल्या. प्रत्येक शालीला एक नारळ, एक फोटो, आणि फोटो हलला तर पुन्हा. आम्ही थंडीत उड्या मारत होतो. सगळ्या शाली स्टेजवर. झेंडा पडला तेव्हा सात चाळीस.
जाताना फाटक उघडं. पाचव्याला वळले तेव्हा बायांत मीच पुढे. वळणावर मनीषा दिसली, दोनशे-तीनशे मीटर मागे. पळत होती बरं का, बसली नव्हती. हात दाखवला तिला.
आठव्याला पोचते तर फाटक माझ्या डोळ्यांसमोर खाली आलं. वीस पावलं राहिली होती. थांबले. गाडीचा पत्ता नाही, लांबून भोंगा तेवढा. मिनिटभराने मनीषा आली. थांबली नाही. वाकली, दांड्याखालून गेली, रूळ ओलांडून पलीकडच्या दांड्याखालून बाहेर. केबिनमधून गेटमन ओरडला. त्यानंतर इंजिन आलं. कोळशाची गाडी, डबे संपता संपेनात. दांडा वर जाईपर्यंत पाच मिनिटं गेली. तोवर मागून आणखी तिघी येऊन उभ्या राहिल्या. उरलेले दोन कि.मी. कशी पळाले ते आठवत नाही. पोचले तर हिच्या गळ्यात हार होता.
तिने मला पाहिलं. मी पाणी प्यायला गेले.

२६ जाने., सोम
झेंडावंदन. परेडची कमांड दरवर्षीप्रमाणे मीच दिली. सावधान, विश्राम, सगळं खणखणीत. मग अध्यक्षसाहेबांनी मनीषाला स्टेजवर बोलावलं. "आमच्या नवीन क्रीडाशिक्षिका. एक आठवड्यात रुजू होतील." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मधल्या ओळीतली सातवीची पोरं माझ्याकडे बघत होती, मी काय करते ते. मी विश्राममध्ये उभी होते.
खाली उतरल्यावर सचिव म्हणाले, "मॅडम, तुमचे तास मार्चपर्यंत आहेतच ना. तोवर हिला जरा समजवून सांगा." सात वर्षांचं जरा.

२७ जाने., मंगळ
सचिवांच्या केबिनमध्ये गेले. नियम आहे, आक्षेप आठ दिवसांत, लेखी, पुराव्यासकट. म्हणजे दोन तारखेच्या पाच वाजेपर्यंत. पुरावा आहे. फाटकाजवळच्या पानठेल्यावाल्याने मोबाइलवर काढलंय, बाबांच्या ओळखीचा आहे, त्याने बाबांना पाठवलं. दुसऱ्या कोणाला पाठवू नको म्हणून बाबांनी त्याला बजावलं. सव्वीस सेकंद. छातीवरचा नंबर स्वच्छ दिसतो.
सचिवांनी दोनदा पाहिलं. मग दार लोटून घेतलं. "देखो मॅडम. हे जोडलं की तिचा नंबर बाद, जागा तुमची. अध्यक्षसाहेबांना मी समजवतो. पण बंद फाटकाखालून जाणं गुन्हा आहे. आक्षेप फाइलला आला की आम्हाला पोलिसात कळवावं लागेल, नाहीतर संस्था फसते. मग पोरीवर केस. आणि भरतीची पोरगी आहे. आप समझदार हो."
म्हणजे शाली यांनी वाटायच्या, उशीर यांनी करायचा, आणि पाप माझ्या पदरात. किती सभ्यपणे सांगितलं. चहापण पाजला.

२८ जाने., बुध
मनीषाला सामानाची खोली दाखवली. कोणता फुटबॉल हवा सोडतो, उंच उडीचा कोणता खांब डुगडुगतो, नववीतल्या कोणत्या पोरीला दमा आहे. ती वहीत लिहून घेत होती. किल्ली मागितली नाही. मीही दिली नाही.


२९ जाने., गुरु
संध्याकाळी घरी आली, डब्यात झिंगे घेऊन. गावाहून बापाने पाठवले. बाबा उठून आत गेले. ते असे कधी करत नाहीत.
मीच विचारलं, काऊन गेली गं खालून?
"तुमीच त सांगतलं होतं म्याडम. समोरची थांबली का पाहात नाही राहाचं, निंगाचं."
सांगितलं होतं. मैदानावर, आठशेच्या शेवटच्या राउंडसाठी. तिथे फाटक नव्हतं, असं म्हणणार होते. म्हटलं नाही. गाडी आली असती तर, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "दूर होती. मी पाह्यलं होतं." मग खाली मान घालून, "थोडीशीच दूर होती."
झिंगे केले. बाबा जेवले नाहीत. मी जेवले. चांगले झाले होते, खोटं कशाला लिहू.

३१ जाने., शनि
आज तिच्या खोलीवर गेले. सगळं सांगितलं. व्हिडिओ आहे, सोमवारची मुदत आहे, केस होऊ शकते. मग जे म्हणायला गेले होते ते म्हटलं. तूच सोड ना जागा. लेखी दे की भरतीची तयारी आहे, जमणार नाही. कोणाचंच काही बिघडणार नाही.
तिने ऐकून घेतलं. स्टोव्हवर भात होता, तो उतरवला.
"कायले सोडू?"
भातावर झाकण ठेवून ती पुढे म्हणाली,
"तुमाले सात वर्सं भेटले म्याडम. मले एकच दिवस भेटला."
सात वर्षं भेटली म्हणे. दर एप्रिलला घरी बसवलेली सात वर्षं. असा राग आला की हात उचलला गेला असता. पण तिच्या खोलीत भिंतीला माझ्याच अक्षरातलं टाइमटेबल चिकटवलेलं, सोम ते रवि, काय खायचं, किती पळायचं. त्याच्याकडे बघत बसले.
निघताना म्हणाली, "अर्ज देता त द्या. मी खोटी नाही बोलनार, गेली होती म्हनून सांगीन." यात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. त्यापेक्षा रडली असती तर बरं झालं असतं.

१ फेब्रु., रवि
पळायला गेले नाही. सव्वा वर्षात पहिला रविवार.
बाबा स्वतःहून बोलले. "अर्ज दे. तू नाही देत त मी देतो." म्हटलं, पोरीची भरती जाईल बाबा. "जाऊ दे. फाटकाखालून वाकून गेलेली दोन मानसं मी या हातानं उचलली आहेत. त्याईलेबी गाडी दूरच दिसली होती." मग म्हणाले, त्या दिवशी पानठेल्यावर सगळे म्हणत होते की गेटमनची पोरगी थांबली. "मले लय बरं वाटलं."
आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझं असं कौतुक केलं. आणि मला ते घेता येईना. हरले म्हणून नाही. उद्या लिहीन, आज नको.

२ फेब्रु., सोमवार
सकाळी अर्ज लिहून नेला होता. सचिवांनी वाचून परत दिला. एक ओळ कमी आहे म्हणाले. आक्षेप पाहणारी समिती विचारेल, तुम्ही पुढे होतात, रुळावर गाडी नव्हती, मग नेमक्या कशासाठी थांबलात? "लिहा, नियम पाळण्यासाठी. अच्छा लगेगा." पाचच्या आत आणून द्या.
घरी आले. जेवण झालं नाही. तेवढी एक ओळ लिहायची आहे.
नियम पाळण्यासाठी. बाबाही हेच धरून बसलेत. खरं काय ते इथे लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार.
फाटक पडलं तेव्हा आधी वाटलं, बरं झालं. पाय संपले होते. मागे फक्त मनीषा, आणि मनीषा म्हणजे काही मागे असलेली स्पर्धक नव्हती माझ्यासाठी. ती येईल, थांबेल, दोघी दम घेऊ, दांडा वर गेला की मी पुढे आणि ती मागे, असं मी धरूनच चालले होते. तिची पावलं मी पन्नासातून ओळखते. ती जवळ आली तशी मी डावीकडे सरकले. तिथे एका मोटारसायकलचं चाक आडवं होतं, तेही सरकवायला लावलं त्या माणसाला. तिला माझ्या बाजूला उभं राहायला जागा व्हावी म्हणून.
ती त्याच जागेतून वाकून गेली.
व्हिडिओत हे पण आहे. मी सरकते ते. सचिवांना दिसलं नाही, बाबांना दिसलं नाही. मी शंभरदा पाहिलंय. मला माझी जागा हवी आहे, तिच्यावर केस नको, आणि ती थांबायला हवी होती. तिन्ही खरं आहे आणि अर्जात एकच ओळ मोकळी आहे.
सव्वाचार झाले. बाबा चप्पल घालून ओसरीवर बसलेत, सोबत येतो म्हणतात. दोनदा हाक मारली त्यांनी. आले म्हटलं.