अक्षय्य तृतीयेला मुहूर्त नाही

प्रिय पंकजा,

आधी माझी तक्रार नोंदवून घे. संक्रांतीला राणीसावरगावी आलो, तेव्हा वाळत घातलेली माझी दोन्ही पांढरी धोतरं बेपत्ता झाली. आता कळतंय की परमेश्वर सुताराने ती तुझ्या बिनइंजिनाच्या विमानाला ताणून, वर खळ चोपडून त्यांचे पंख केलेत. पुढच्याच लग्नात मंगलाष्टकं मी पायजम्यावर म्हटली. वऱ्हाडी माझ्या संस्कृतकडे नाही, नाडीकडे बघत होते. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी भावाच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावं, हे कोणत्या इयत्तेत येतं?

आणि वर चौकशी माझीच! आईने तुला बजावलं, "दादानं मुहूर्त काढल्याबिगर पाय उचलायचा न्हाई." योग्यच बजावलं. माघात तू विचारलंस, मी पंचांगातली अशुभ भद्रा दाखवली. फाल्गुनात चंद्रबळ नाही म्हटलं. अख्ख्या सेलूत लग्नं, वास्तुशांती माझ्या शब्दावर होतात. कुणी उलटून विचारत नाही. तू मात्र माझं तिसरं पत्र शेजारणी जमवून आईला वाचून दाखवलंस, वर म्हणालीस की अक्षय्य तृतीयेलाही मुहूर्त नाही म्हणणारा पृथ्वीवरचा पहिला शास्त्री म्हणजे आपला दादा! साडेतीन मुहूर्तांतला एक, शेंबडं पोरही सांगेल. आई लय हसली म्हणे. हसा. पंचवीस वर्षं संस्कृत शिकवून हेच बघायचं राहिलं होतं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माणसं अशीच टेकडीवरून पळत, उड्या घेत उडायला शिकली, असं तू मोठ्या तोऱ्यात लिहितेस. त्यांतली किती जणं आपल्या पायांनी घरी गेली, ते लिहिताना शाई संपली काय? वय सेहेचाळीस, जिना चढताना गुडघा वाजतो, आणि बाई माळावरून झेप घेणार!

हे पत्र गंगाखेडच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. आदल्या दिवशी मुक्कामाला येतो, पायजम्यातच, कारण पळायचं आहे. तृतीयेला सकाळी सात चाळीस. आईला सांग, मुहूर्त दिला. आधीचे दोन्ही दिवसही चांगलेच होते. पंचांगात दोष नव्हता, मला भीती वाटत होती. अजून वाटते. पंखाची एक दोरी परमेश्वर धरेल, दुसरी मी. तुझे पाय जमिनीवरून सुटले की दोरी सोडायची, असं तुझं फर्मान आहे. पळेन मी. पण त्या क्षणी माझी मूठ उघडली नाही, तर तू माझ्यामुळे पडशील.

तुझाच,
योगीराजदादा